रीळ आम्ही घेतो, गाळ तुम्ही फेकता

प्रति,
क्राफ्ट (खोक्यांच्या तपकिरी) कागदाच्या गिरण्यांचे चालक-मालक आणि तांत्रिक विभागातली मंडळी
(बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, गोकाक भागातल्या खोकेवाल्यांना रीळ पुरवणाऱ्या सर्वांना)

विषय: ईटीपीतला (गिरणीच्या सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पातला) तंतुमय गाळ कागदाची ताकद वाढवण्यासाठी वापरणे आणि त्या कागदाचा दर.

स.न.वि.वि.

मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत खोकी बनवतो. कोरुगेटेड, म्हणजे मध्ये नागमोडी कागद असलेली, तीन पदरी आणि पाच पदरी. कारखाना लहान आहे. तुमच्या हिशेबात माझी ऑर्डर म्हणजे ट्रकमध्ये जागा उरली तर टाकायची दोन-चार रिळं. तरी हे पत्र जाहीर लिहितोय, कारण फोनवर विषय काढला की बोलणं मागच्या बिलावर जातं आणि तिथंच संपतं.

सांगायचं ते आधीच सांगून टाकतो. तुमच्या ईटीपीतून जो गाळ ट्रॉली भरभरून बाहेर जातो, त्यातला एक भाग पुन्हा कागदात यायला पाहिजे. वजन भरायला तो आजही काही ठिकाणी येतो, त्याबद्दल मी बोलत नाही. तो ताकद म्हणून यावा असं माझं म्हणणं आहे. हे कसं करायचं ते आता कुणाचं गुपित राहिलेलं नाही. तरी आपल्याकडे ते होत नाही, याचं खरं कारण यंत्रात नसून बिलात आहे, आणि त्या बिलाच्या एका टोकाला आम्ही खोकेवाले बसलोय.

आमच्या खोक्यांत काय जातं ते एकदा बघा. उद्यमबाग, मच्छे, काकती, होनगा इथल्या फाउंड्र्या आणि मशीनशॉपचा माल: कास्टिंग, हायड्रॉलिकचे व्हॉल्व्ह, पंपाचे सुटे भाग. वस्तू मुठीएवढी आणि वजन दोन किलो. खोकं लहान, आत लोखंड, सगळा भार कोपऱ्यांवर. दुसरीकडे कुंदा आणि गोकाकचा करदंट ही मिठाई, खानापूरकडचे काजू, निपाणी-संकेश्वर बाजूचा किलो-किलोचा गूळ. हा माल नाजूक आणि गिऱ्हाइकाला थप्पी उंच लावायची असते. यातला बराचसा माल जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाटातून गोव्याला उतरतो. जून ते सप्टेंबर त्या रस्त्याला काय पाऊस असतो हे बेळगावच्या माणसाला वेगळं सांगायला नको. ताडपत्री कितीही आवळा, हवेतली ओल आत जातेच. हवेतली आर्द्रता पन्नास टक्क्यांवरून नव्वदच्या घरात गेली, की तेच खोकं थप्पीचा भार साधारण निम्माच पेलतं. म्हणजे उन्हाळ्यात आठ खोक्यांची थप्पी बिनधास्त उभी राहते आणि श्रावणात त्याच थप्पीतलं तळाचं खोकं पोटातून फुगून बसतं. शिव्या आम्हाला पडतात. त्या तुमच्यापर्यंत पोचत नाहीत म्हणून इथं नोंदवल्या.

आता ताकदीबद्दल. रिळावर लिहून येतं: १८ बीएफ, १८० जीएसएम. ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही अशा वाचकांसाठी सांगतो. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन, ग्रॅममध्ये. बीएफ म्हणजे बर्स्टिंग फॅक्टर: कागद फुटायला दर चौरस सेंटिमीटरला जितका ग्रॅम दाब लागला, त्याला जीएसएमनं भागायचं. म्हणजे १८ गुणिले १८०, असा ३,२४० ग्रॅम, सव्वातीन किलोच्या आसपास दाब हा कागद सोसणार, असं ते लेबल सांगतं. रीळ आलं की आमचा मुलगा आडव्या रुंदीतून पाच तुकडे कापतो, मुलन टेस्टरच्या रबरी पडद्यावर एकेक दाबून धरतो आणि काट्याकडे बघत राहतो. चांगल्या रिळाचा कागद फुटताना 'टप्प' असा कोरडा आवाज येतो आणि भोकाच्या कडेला लांब लांब केस दिसतात. हल्लीच्या पुष्कळ रिळांचा आवाजच येत नाही. कागद बिस्किटासारखा मोडतो आणि कड स्वच्छ. एका गिरणीचं रीळ आम्ही अठरा म्हणून घेतलं आणि काटा पंधराच्या पुढं जाईना. फोन केला तर उत्तर आलं, जीएसएम बरोबर आहे ना? वजनात तर फसवलं नाही ना? वजनात फसवलं नव्हतं हे खरंच होतं.

याच्या मुळाशी काय आहे ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे, पण हे पत्र आमच्या भागातल्या इतरांनीही वाचावं म्हणून थोडक्यात लिहितो. देवदार-पाइनसारख्या झाडाचा तंतू साधारण तीन मिलिमीटर लांब असतो, निलगिरीसारख्या झाडाचा एक मिलिमीटरच्या आसपास, उसाच्या चिपाडाचा त्याहून थोडा जास्त. कागद रद्दीत जाऊन पुन्हा लगदा होतो तेव्हा दर फेरीत तंतू तुटतो, आखूड होतो. पण लांबीपेक्षा मोठं नुकसान वेगळं आहे. तंतू पहिल्यांदा वाळतो तेव्हा त्याच्या भिंतीतली बारीक छिद्रं मिटतात आणि पुन्हा पाण्यात घातलं तरी ती पूर्वीसारखी उघडत नाहीत. एकदा वाळून कडक झालेली भाकरी कितीही भिजवा, तिचं परत पीठ होत नाही, तसलाच प्रकार. असा कडक तंतू फुगत नाही, वाकत नाही, शेजारच्या तंतूला चिकटून बसत नाही. पाच-सात फेऱ्यांनंतर त्यात कागद धरून ठेवायचं बळ फारसं राहत नाही.

आणि आपल्याकडचं कटिंग, म्हणजे खोक्यांची रद्दी, किती फेऱ्या मारून आलेलं असतं! अमेरिकन ओसीसीच्या (तिकडच्या जुन्या खोक्यांच्या रद्दीच्या) गठ्ठ्यात निदान थोडा ताजा लांब तंतू असतो. आपलं देशी कटिंग म्हणजे खोक्याचं खोकं, त्याचं खोकं, त्याचं परत खोकं. रविवार पेठेतून संध्याकाळी रद्दीवाला जी खोकी चेपून हातगाडीवर बांधतो, ती बहुतेक आमच्याच जातीची असतात. वर्ष-सहा महिन्यांनी ती रीळ होऊन परत आमच्याकडेच येतात. २०२१ पासून चीननं रद्दी कागदाची आयात पूर्ण बंद केली, तिथल्या गिरण्यांना लगदा पाहिजे होता, आपल्याकडून पुनर्वापराच्या लगद्याची रिळं तिकडं जायला लागली, आणि इथं क्राफ्टचे भाव असे चढले की आमच्यातल्या कितीतरी जणांनी त्या वर्षी मशीनवर कापड घातलं. तेव्हापासून मला कळलंय की परदेशी लांब तंतूच्या भरवशावर ताकद विकत घेणं आपल्या हातात नाही. आहे त्या तंतूत ती शोधावी लागणार.

तुम्ही त्यावर दोन उपाय करता. पहिला, जीएसएम वाढवायचं. दुसरा, स्टार्च घालायचं.

स्टार्चबद्दल एक गंमत सांगतो. आम्ही पदर चिकटवतो ते मक्याच्या स्टार्चच्या खळीनं. तुम्ही कागदाच्या पोटात आणि पाठीवर स्टार्च लावता. म्हणजे जुन्या खोक्यात भरपूर स्टार्च असतं. ते तुमच्या पल्परमध्ये, रद्दी घुसळून लगदा करणाऱ्या यंत्रात, विरघळतं आणि पाण्यात जातं. पाणी तुम्ही फिरवून फिरवून वापरता, तिथं जिवाणू त्यावर ताव मारतात, स्टार्चचे तुकडे तुकडे होतात, पाण्याला तो आंबूस वास सुटतो, सीओडी (पाण्यातल्या घाणीचं माप) वाढतो, आणि मग ते साफ करायला ईटीपीत वीज आणि रसायनं जळतात. पुढच्या रिळाला तुम्ही नवीन स्टार्चची पोती फोडता. एकाच ताकदीचे पैसे आपण दर फेरीला नव्यानं मोजतोय, आणि वर ती वाहून गेली म्हणून ती स्वच्छ करायचेही मोजतोय.

आता गाळ. ओळखीच्या एका गिरणीच्या मागच्या बाजूला ढीग बघितलाय. राखाडी, ओलसर, वरून वाळून भेगा पडलेला, पायाखाली स्पंजासारखा दबणारा. लोक नाकाला रुमाल लावून जातात. त्यातला मूठभर मी प्लास्टिकच्या पिशवीतून आणला, काचेच्या बरणीत पाणी घालून खूप हलवला आणि टेबलावर ठेवून दिला. थोड्या वेळात तळाला पांढरट थर बसला. ती चुनखडीची भुकटी आणि चिनी माती, छपाईच्या आणि लिखाणाच्या कागदातून आलेली. त्याच्यावर मात्र ढग तरंगत राहिला, करडा, मऊ, बोटानं ढवळला की पुन्हा पसरणारा. तो ढग चहाच्या गाळणीवर ओतला, फडक्यात दाबला आणि इस्त्रीखाली वाळवला, तर हातात कागदच आला की! पातळ, खरखरीत, पण कागद. हा ढग म्हणजे बारीक तंतू आणि त्यांचे तुकडे, ज्यांना तुम्ही फाइन्स म्हणता, २०० मेशच्या जाळीतून खाली जाणारे. वायरवरून, म्हणजे लगदा पसरतो त्या जाळीवरून, ते पाण्याबरोबर निसटतात, कधी तंतू परत पकडणाऱ्या सेव्ह-ऑल यंत्रात सापडतात, कधी नाही, आणि सापडले नाहीत की ईटीपीतल्या पहिल्या टाकीच्या, प्राथमिक क्लॅरिफायरच्या, तळाशी जाऊन बसतात. म्हणजे गठ्ठ्याच्या भावानं घेतलेला तंतू तुम्ही घाण म्हणून टाकताय.

इथं कुणी म्हणेल, गाळ आम्ही टाकत नाही, विकतो. बरोबर आहे. मिल-बोर्डवाले नेतात, अंड्याचे ट्रे बनवणारे नेतात, काही जण जाड पुठ्ठ्याच्या मधल्या थरात परत ढकलतात. पण तसाच गाळ कागदात ढकलला तर ताकद वाढत नाही, उलट घटते. त्यातली माती दोन तंतूंच्या मध्ये बसते आणि त्यांना चिकटू देत नाही. बारीक तुकडे पाणी धरून ठेवतात, वायरवर पाणी निथळत नाही, ड्रायरला वाफ जास्त लागते. शिवाय ते तुकडेही आधीच वाळून मिटलेले. नुसते घातले तर ते भरताडच. म्हणून ज्यांनी एकदा करून बघितलं ते हात झटकून मोकळे झाले. त्यांचा अनुभव खरा आहे, फक्त प्रयोग अर्धा होता.

राहिलेला अर्धा असा. मिटलेला तंतू पुन्हा उघडायचा असेल तर त्याला उभा चिरावा लागतो, इतका बारीक की त्याच्या भिंतीतले रेषे केसांसारखे सुटे होतील. याला मायक्रोफायब्रिलेटेड सेल्युलोज म्हणतात. १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत हे पहिल्यांदा बनलं तेव्हा एक टन बनवायला पंचवीस हजार युनिटांच्या वर वीज जायची, म्हणून ते प्रयोगशाळेत पडून राहिलं. नंतर स्वीडनमधल्या लोकांनी दळण्याआधी तंतूला एन्झाइमची थोडी प्रक्रिया दिली आणि विजेची गरज दहाव्या हिश्श्याच्या आसपास आणि त्याखालीही आली. २०११ मध्ये स्टॉकहोमला त्याचा पथदर्शी कारखाना उभा राहिला. हे रेषे कागदात दोन-चार टक्के गेले तरी तंतूंमधल्या फटी भरून काढतात आणि त्यांना एकमेकांत गुंतवून धरतात.

मला या सगळ्यात सर्वात जास्त पटलेली गोष्ट म्हणजे मातीची. युरोपात एक पद्धत चालते: लगदा आणि चुनखडीची किंवा चिनी मातीची भुकटी एकत्रच दळायची. खनिजाचे कण तंतूला घासतात आणि चिरायला मदत करतात. निघणारा माल खनिजासकटच कागदात घालतात. म्हणजे बरणीच्या तळाला बसलेल्या ज्या पांढऱ्या थराला आपण घाण समजतो, तो दळणात कामाला येतो. त्यामुळे गाळ धुऊन पूर्ण पांढराशुभ्र करायची गरज नाही. माती फार असेल तेवढी कमी करावी, उरलेली राहू द्यावी.

यासाठी तुमच्या बाजूला काही गोष्टी नीट व्हायला पाहिजेत. प्राथमिक क्लॅरिफायरचा गाळ जैविक टाकीच्या गाळात मिसळायच्या आधीच वेगळा काढायला हवा, आणि ताजा असतानाच. दोन दिवस ढिगात राहिला की तो सडायला लागतो आणि तंतूवर बुळबुळीत थर धरतो. जैविक गाळ, म्हणजे मेलेले-जिवंत जिवाणू, या कामात घ्यायचाच नाही. शाई काढणाऱ्या गिरणीचा डीइंकिंग गाळ तर लांबच ठेवा. पल्परचं रिजेक्ट, प्लास्टिकच्या पट्ट्या, टेपा, पिना, हे भट्टीचं खाद्य. आपल्या भागात यादवाडला सिमेंट होतं, बागलकोटकडं होतं, तसल्या भट्टीत ते जाऊ दे. वेगळ्या काढलेल्या गाळातून वाळू बसवायची, जाळीवर चाळायचा, मग एन्झाइम आणि रिफायनर (तंतू दळायचं यंत्र). जुनं, बदलून ठेवलेलं डबल डिस्क रिफायनर बऱ्याच गिरण्यांच्या कोपऱ्यात धूळ खात असतं, सुरुवात त्यावरही करता येईल. आणि कागदात घालताना रिटेन्शनचं, म्हणजे बारीक तंतू कागदात धरून ठेवणारं, रसायन नीट बसवायला हवं, नाहीतर हे रेषे परत पाण्याबरोबर निसटून त्याच क्लॅरिफायरमध्ये.

विजेचा हिशेब घाला. टनाला दोन हजार युनिटं धरली आणि कागदात तीन टक्के घातलं, तर एक टन कागदामागं तीस किलो, म्हणजे साठ युनिटं. त्यात गठ्ठ्याचे वाचलेले पैसे आणि गाळ उचलायचं भाडं वजा करा. आकडे तुमच्याकडं आहेत, माझ्यापेक्षा बिनचूक.

पाणी निथळायला वेळ लागेल हा तुमचा आक्षेप मान्य. पण कागद तितकाच मजबूत राहून पातळ होणार असेल तर चौरस मीटरमागं निथळायचं आणि वाळवायचं पाणीही कमी होतं. एका हातानं गेलेलं काही अंशी दुसऱ्या हातानं परत येतं.

आता बिलाकडं येतो, कारण खरी गाठ तिथं आहे.

१८ बीएफचा १८० जीएसएम कागद सव्वातीन किलो दाब सोसतो. २२ बीएफचा १५० जीएसएम कागद ३,३०० ग्रॅम, म्हणजे थोडा जास्तच. माझं खोकं तितकंच मजबूत आणि कागद एक षष्ठांश कमी. १८ चं नुसतं २० झालं तरी १६२ जीएसएममध्ये काम भागतं, दहा टक्के वाचले. पण मी तुमच्याकडून कागद घेतो किलोनं. तुम्ही जर मेहनत करून मला १८० च्या जागी १५० ची ताकदवान शीट दिलीत, तर त्याच खोक्यांसाठी मी तुमच्याकडून सहावा हिस्सा कमी वजन उचलणार आणि तुमचं बिल सहाव्या हिश्श्यानं घसरणार. मग कशाला कोण गाळ चाळत बसेल? उलट माती, ओलावा, भरताड, जे काही वजन वाढवतं ते तुमच्या फायद्याचं. किलोचा भाव असाच चालू राहिला तर गाळ ढिगातच राहणार, मी कितीही पत्रं लिहिली तरी.

म्हणून माझी मागणी आणि माझी तयारी एकत्रच सांगतो. दर ताकदीला लावा. १८० चं काम १५० मध्ये होत असेल तर किलोला वीस टक्के जास्त दिले तरी माझा खोक्यामागचा खर्च तेवढाच राहतो, साधा गुणाकार आहे. मी वीस टक्के देणार नाही, कारण धंदा मलाही करायचाय. पण बारा-पंधरापर्यंत बोलायला बसायला तयार आहे. त्यात तुमची साठ युनिटं, एन्झाइम, रिटेन्शन सगळं बसून वर उरेल. अट एकच, बीएफ लेबलावर असतो तो माझ्या टेस्टरवरही यायला पाहिजे. आणि बीएफवरच थांबू नका. थप्पीत खोकं किती टिकेल हे फुटण्याच्या ताकदीवर कमी आणि उभ्या कडेच्या दाबावर जास्त ठरतं. १९६३ चं मॅकी यांचं सूत्र तेच सांगतं. म्हणून रिंग क्रशचा, म्हणजे कागदाची उभी कड किती दाब सोसते त्याचा, आकडाही द्या. तंतू घट्ट बांधले गेले की हे दोन्ही आकडे चढतात, फाडण्याची ताकद मात्र थोडी उतरू शकते. कास्टिंगच्या खोक्याला ती लागते, कुंद्याच्या खोक्याला तेवढी नाही, ते आम्ही बघून घेऊ.

माझ्या भागातल्या खोकेवाल्या भावांनो, ही ओळ तुम्हालाही. गिऱ्हाईक आलं की आपण आधी विचारतो, 'किती जीएसएम पाहिजे?' पुढच्या वेळी विचारा, थप्पी किती उंच, किती दिवस, कुठल्या महिन्यात. जाड हातात लागला की मजबूत, हा समज गिऱ्हाइकाच्या डोक्यात आपणच घातलाय.

पावसाचं राहिलं. गाळातले रेषे कागद घट्ट करतात, पण पाण्यापासून वाचवत नाहीत. त्यासाठी कागद धंद्याचाच दुसरा एक उरलेला माल आहे, लिग्निन. लाकडात तंतूंना धरून ठेवणारा हा पदार्थ लगदा करताना विरघळतो आणि काळ्या पाण्यात, ब्लॅक लिकरमध्ये जातो. आपल्या शेजारी, अळणावर ओलांडून गेलं की दांडेली. तिथली लाकडाच्या लगद्याची गिरणी १९५५ साली स्थापन झाली. अशा मोठ्या गिरण्यांना हे काळं पाणी कचरा नसतं. ते रिकव्हरी बॉयलरमध्ये जाळून वाफ करतात आणि रसायनं परत मिळवतात. ज्यांचा बॉयलरच उत्पादनाला अडसर होतो, त्यांना थोडं लिग्निन आधी काढून घेतलं तर फायदाच असतो. कार्बन डायऑक्साइड सोडला की लिग्निन खाली बसतं, ते गाळून आम्लानं धुतात. स्वीडनमध्ये घडलेली ही पद्धत २०१३ मध्ये अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायनात व्यापारी पातळीवर चालू झाली. लिग्निन ओलसर कागदात असताना तापवून दाबलं की मऊ होतं, तंतूंवर पसरतं आणि गार झाल्यावर पाण्याला सहजासहजी दाद देत नाही. कागदाला नागमोडी करणारे आमचे फ्लूट रोलर १६० ते १८० अंशांवर चालतातच. रंग गडद होईल, पण क्राफ्टला गोरेपण कुणी मागितलंय? वास मात्र तपासून घ्यावा लागेल. व्हॉल्व्हच्या खोक्याला वास चालतो, करदंटाच्या नाही.

खाण्याच्या पदार्थाबद्दल एवढंच: गाळाचा कागद खाद्यपदार्थाला थेट लागता कामा नये. शाई आणि खनिज तेलाचे अंश रद्दीतून येतात. वर्तमानपत्रात अन्न बांधायला २०१८ च्या अन्नसुरक्षा पॅकेजिंग नियमांत मनाई आहे, ती त्याच काळजीपोटी. आत ताज्या कागदाचं किंवा योग्य अस्तर, बाहेर आपला मजबूत क्राफ्ट. यात कुणी काटकसर करू नये.

कर्नाटक राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या बेळगाव कार्यालयालाही या पत्राची प्रत देतोय. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत कागद उद्योगाचा क्लोरिनयुक्त सेंद्रिय द्रव्यं असलेला गाळ यादीत आहे, आणि ते योग्यच आहे. तो ब्लीचिंगमधून येतो. तपकिरी खोक्यांची रद्दी ब्लीच न करता वापरणाऱ्या गिरणीचा प्राथमिक गाळ ही वेगळी वस्तू आहे. तपासणी करून दोन्ही वेगळे मोजावेत, एका गाळाच्या भीतीनं दुसरा कुजवू नये, आणि यादीतलाही गाळ कच्चा माल म्हणून वापरायला त्याच नियमांतल्या नियम ९ मध्ये वाट ठेवली आहे, ती गिरणीवाल्यांना समजावून सांगावी. आमच्याकडं बहुतेक लघुउद्योजकांना नियम म्हणजे नोटीस एवढंच ठाऊक असतं.

आणि आपल्याच गावातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांनो, मच्छेला विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय आहे, शेवटच्या वर्षाची शेकडो पोरं दरवर्षी प्रोजेक्टसाठी विषय शोधत फिरतात. एखाद्या गटाला हा गाळ द्या. हातानं शीट काढायचा साचा, एक लहान रिफायनर आणि टेस्टर एवढ्यावर काम सुरू होतं. माझा टेस्टर दुपारी मोकळा असतो, यायचं आणि वापरायचा. पुढचं अडलं तर सहारनपूरला केंद्रीय लगदा व कागद संशोधन संस्था आणि आयआयटी रुरकीचा कागद तंत्रज्ञान विभाग आहे, त्यांचं कामच हे आहे.

गिरणीवाल्यांकडून मला सध्या फार काही नको. तुमच्यापैकी कुणीतरी एक रीळ साध्या पद्धतीनं आणि एक रीळ तीन टक्के दळलेल्या गाळाचं, एकाच दिवशी, एकाच गठ्ठ्यातून काढा. दोन्हीचं जीएसएम १५० च्या आसपास ठेवा. दोन्हीची वेगळी खोकी मी बनवीन, आत कास्टिंगचं वजन भरून जुलैमध्ये माझ्याच गोदामात थप्पी लावीन. आमचं गोदाम किती ओलं असतं ते बघायला या. रिंग क्रश, बर्स्ट आणि ओलावा यांचे आकडे दोघांच्या सहीनं लिहू. दुसऱ्या रिळाचा दर तुम्ही आधी ठरवून पाठवा, पण किलोचा नको. हजार खोक्यांमागं किती ते लिहा.

कळावे,

आपला,
उद्यमबागेतला एक खोकेवाला
बेळगाव